सिग्नल नाही म्हणजे काय?

इन्फ्रारेडवर काम करणाऱ्या माणसाचं पाण्याशी कायमचं वाकडं असतं. पाणी इन्फ्रारेड प्रकाश नुसता शोषत नाही, गिळून टाकतं. ३००० ते ३६०० वेव्हनंबरच्या पट्ट्यात त्याचा एक डोंगर, १६४० च्या आसपास दुसरा (वेव्हनंबर म्हणजे एका सेंटीमीटरात किती लहरी बसतात तो आकडा, एवढंच), आणि मधल्या जागेत तरी गप्प बसेल तर शपथ. बाकीच्यांचं बरं असतं, पॉलिमरवाले, पावडरवाले, सॅम्पल वाळवतात आणि मोकळे होतात. आमचं सॅम्पल म्हणजे लिपिडचं, म्हणजे स्निग्ध रेणूंचं, पटल, आणि ते पाण्यात आहे तोवरच पटल. वाळवलं की रचना बदलली, मग जे काही मोजाल ते एका मेणचट थराचं मोजमाप, त्याला पेशीचं पटल म्हणायला जीभ रेटत नाही.

तर बरीच वर्षं मी हेच करत आलेय. खाली एक घट्ट पृष्ठभाग, त्यावर जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचं पटल, आणि वर पाणीच पाणी. यातून काढायचं काय, तर पटलातले रेणू उभे आहेत की कललेत, शिस्तीत आहेत की विस्कटलेत, वरचा थर आणि खालचा थर सारखाच वागतोय का. आणि हे करता करता एक सवय लागली ती म्हणजे स्पेक्ट्रम (कुठल्या वेव्हनंबरला किती प्रकाश शोषला गेला त्याचा आलेख) समोर आला की काय दिसतंय हे नंतर, आधी बघायचं की काय दिसायला हवं होतं आणि दिसत नाहीये. या धंद्यात अर्धी माहिती तिथेच असते असं माझं मत झालंय.

पटल म्हणजे काय हे थोडक्यात सांगते, शाळेत शिकलेलं असतं पण विसरायला होतं. लिपिडच्या रेणूला एक डोकं, ते पाण्यात रमणारं, आणि दोन लांब शेपट्या, त्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या, त्यांना पाणी नको असतं. मग असे रेणू पाण्यात टाकले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी दोन थरांची चादर आपोआप बनते. हे दोन थर असतात ही कल्पना १९२५ ची, गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांची. त्यांनी लाल रक्तपेशींमधले लिपिड अॅसिटोनने काढले, पाण्यावर एकाच रेणूच्या जाडीचा थर होईल असे पसरले, आणि त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाशी ताडून बघितलं तर ते दुप्पट निघालं. म्हणजे दोन थर. नंतर कळलं की अॅसिटोनने सगळे लिपिड निघालेलेच नव्हते, आणि पेशी वाळवून मोजल्यामुळे त्यांचा पृष्ठभागही कमी भरला होता. एक चूक इकडे, एक तिकडे, दोन्ही एकमेकींना खाऊन बसल्या आणि उत्तर बरोबर आलं! विज्ञानाच्या इतिहासातलं हे माझं आवडतं नशीब आहे, पण विद्यार्थ्यांना सांगताना जरा जपून सांगावं लागतं.

बरं, पण हे पटल घट्ट पृष्ठभागावर कशाला आणायचं, पेशीतलंच का बघू नये? कारण पेशीत इतकी गर्दी असते की कुठला सिग्नल कुणाचा हे कळायचंच नाही. प्रथिनं, साखरा, शेकडो प्रकारचे लिपिड. आणि नुसत्या लिपिडचे फुगे, म्हणजे वेसिकल, पाण्यात सोडले तर ते सगळीकडे तोंड करून तरंगत असतात, मग रेणूची दिशा मोजायची तर कशाच्या संदर्भात मोजणार? सपाट पृष्ठभाग असला की वर-खाली, आडवं-उभं याला काहीतरी अर्थ येतो.

१९८४-८५ च्या सुमाराला मॅककॉनेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की स्वच्छ काचेवर वेसिकल सोडले की ते बसतात, फुटतात, उलगडतात आणि सलग पटल तयार होतं. गंमत म्हणजे हे पटल काचेला डकवलेलं नसतं. मधे एक-दोन नॅनोमीटर पाण्याचा थर राहतो. ओल्या काचेवर दुसरी काच ठेवली की ती उचलता येत नाही पण सरकवता येते ना, तसं काहीसं. त्यामुळे लिपिडचे रेणू आपापल्या थरात मोकळे हिंडत असतात. रंगीत रेणू मिसळून एका ठिपक्यावर लेसर मारायचा, तिथला रंग जाळायचा, आणि थोड्या वेळाने तो काळा ठिपका पुन्हा भरून येतो, कारण आजूबाजूचे रंगीत रेणू आत शिरतात. आणि त्याच ग्रुपने १९८४ मध्येच दाखवलं होतं की काचेवरच्या अशा पटलात योग्य ती प्रथिनं बसवली तर टी-पेशी (शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशी) त्याला बघून तशाच चवताळतात जशा खऱ्या परक्या पेशीला बघून चवताळतील. समोर पेशीच नाही, नुसती काच आणि पटल, तरी फसल्या. त्यामुळे कुणी मला म्हणालं की तुमचं ते काचेवरचं पटल नकली आहे, तर मी म्हणते टी-पेशीला विचारा.

आता प्रकाश. वरून प्रकाश टाकून उपयोग नाही, पाणी गिळणार. म्हणून खालून टाकायचा. जर्मेनियमचा क्रिस्टल घ्यायचा, इन्फ्रारेड त्यातून आरपार जातो, आणि प्रकाश अशा कोनात आत सोडायचा की तो क्रिस्टलच्या पृष्ठभागावर आदळून पूर्णच्या पूर्ण परत फिरतो. पण फिरताना त्याचं क्षेत्र पृष्ठभागाच्या पलीकडे थोडंसं झिरपतं, आणि अंतराबरोबर झपाट्याने विरत जातं. या पद्धतीला एटीआर (अटेन्युएटेड टोटल रिफ्लेक्शन) म्हणतात, १९६० च्या सुमारास ती रुळली. जर्मेनियम, ४५ अंशाचा कोन आणि २९०० वेव्हनंबरचा प्रकाश असा हिशोब केला तर हे झिरपणं जातं २२० नॅनोमीटरपर्यंत. आपलं पटल पाच नॅनोमीटर. म्हणजे प्रकाश जेवढ्या खोलीत डोकावतो त्यातला चाळिसाव्या हिश्शाच्या आसपास आपला, बाकी पुन्हा पाणीच. पण निदान मिलिमीटरभर पाणी तरी नाही! एका परावर्तनात लिपिडचा सिग्नल येतो अॅब्सॉर्बन्सच्या (म्हणजे प्रकाश किती शोषला गेला त्या मापाच्या) हजारांशाच्या घरात. तेवढ्यात काम भागवायचं.

भागवायचं कसं, तर वजाबाकी करून. आधी नुसतं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) भरून स्पेक्ट्रम घ्यायचा, मग वेसिकल सोडायचे, आणि फरक बघायचा. ऐकायला सोपं आहे. पण हजारांशाच्या फरकाला काय काय पुरतं बघा. तापमान अर्ध्या अंशाने सरकलं की पाण्याचा डोंगर किंचित सरकतो, आणि वजाबाकीनंतर त्या जागी एक लाट उरते. यंत्राचं झाकण उघडून क्रिस्टलकडे डोकावलं की बाहेरची हवा आत, आणि हवेतली वाफ १४०० ते १९०० च्या पट्ट्यात बारीक टोकदार रेषांचं असं काही जंगल उभं करते की लिपिडचा १७३५ जवळचा कार्बोनिल बँड (कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाचा) त्यातून शोधावा लागतो. शिवाय आपण श्वास सोडलेला कार्बन डायऑक्साइड, तो २३४९ ला हजर. मग कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडून पर्ज करत बसायचं. पर्ज चालू असताना यंत्राच्या खोलीत लोक दबक्या पावलांनी का वावरतात हे नवीन मुलांना कळत नाही, त्याने वाफ कमी होते असं काही नाही, पण मीही तशीच वावरते. आणि ते जंगल कमी कमी होताना स्क्रीनवर बघत राहणं हे एक वेगळंच ध्यान आहे. रेषा आधी वर डोकं काढून असतात, मग आक्रसतात, कधी शून्याच्या खाली उलट्या जातात (म्हणजे बॅकग्राउंड घेताना वाफ जास्त होती), आणि मग कधीतरी तो भाग सपाट होतो. तो सपाट झाल्याशिवाय मी वेसिकलच्या सिरिंजला हात लावत नाही.

मग वेसिकल जातात आत. दोन पीक वर यायला लागतात, २९२० आणि २८५०, शेपट्यांमधल्या सीएच-टू (एक कार्बन, दोन हायड्रोजन) गटांच्या ताणण्या-आखडण्याचे. काही मिनिटांत वाढतात आणि थांबतात. झालं पटल? नाही. हे पीक फक्त एवढंच सांगतात की लिपिड आले. फुटून पसरले की फुग्यासारखे नुसते येऊन बसलेत, हे नुसत्या उंचीवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि हा प्रश्न काल्पनिक नाहीये. सिलिकावर वेसिकल फुटतात, पण सोन्यावर किंवा टायटॅनियम ऑक्साइडवर बऱ्याचदा आख्खेच्या आख्खे बसून राहतात. लिपिड तेच, बफर तेच, नुसता खालचा पृष्ठभाग बदलला.

हे सोडवलं क्वार्ट्झच्या क्रिस्टलने, आणि तेही पाण्याच्याच जिवावर. हा क्रिस्टल ठराविक वारंवारितेने थरथरत असतो, वर वजन बसलं की थरथर मंदावते. १९९८ मध्ये केलर आणि कासेमो यांनी सिलिकावर वेसिकल बसताना बघितलं तर वारंवारिता आधी चांगली खाली गेली, मग चक्क परत वर आली, आणि स्थिरावली. पाच मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ती मूळच्यापेक्षा साधारण २६ हर्ट्झ खाली येऊन थांबते. म्हणजे आधी वजन वाढलं आणि मग कमी झालं. लिपिड उडून गेले का? नाही, तिथेच आहेत. गेलं ते वेसिकलच्या पोटातलं पाणी. बसले तेव्हा पोटात पाणी घेऊन बसले, पुरेशी गर्दी झाल्यावर फुटले, आणि पाणी मोकळं झालं. मला तो ग्राफ पहिल्यांदा कळला तेव्हा पाण्यावरचा राग जरासा कमी झाला. इन्फ्रारेडला जे पाणी आड येतं तेच इथे साक्षीदार. म्हणून जमेल तिथे मी दोन्ही मोजमापं करते. एकट्या एटीआरवर पटल बनलं असं लिहिलेलं वाचलं की माझी भुवई वर जाते.

पटल बनलं हे नक्की झालं की खरी मजा सुरू होते, आणि ती मजा कमालीची बारीक आहे. तो २८५० चा पीक. शेपट्या सरळ ताठ असल्या की तो २८५० ला किंवा किंचित खाली असतो. साखळीत वळणं पडली, पटल वितळलं, की सरकतो २८५२-५३ वर. दोन-तीन वेव्हनंबर! स्केल नेहमीची ठेवली तर डोळ्याला कळतच नाही, झूम करून पीकचा वरचा भाग तेवढा पकडायचा आणि त्याचा मध्य काढायचा, मग दशांशापर्यंत जागा मिळते. डीपीपीसी नावाचं लिपिड ४१ अंशाला वितळतं. तापमान एकेक अंश वाढवत नेलं की ३५, ३६, ३७ ला काहीच होत नाही, ठिपके एका रेषेत, मग ४० च्या पुढे ठिपके वर उचलायला लागतात. फुग्यांच्या द्रावणात ही चढण अगदी उभी येते. पृष्ठभागावर ती पसरट होते, आणि अभ्रकावर तर असंही दिसलंय की वरचा आणि खालचा थर वेगवेगळ्या तापमानाला वितळतात, कारण खालच्याला पृष्ठभागाची सोबत आहे आणि वरच्याला नाही. म्हणजे पृष्ठभाग नुसता आधार नाहीये. आपण बघायला म्हणून आणलेली गोष्ट, ती स्वतः पण ढवळाढवळ करते.

डोक्यांकडचं बघायचं तर अडचणी वेगळ्या. फॉस्फेटचा बँड १२३० च्या आसपास, तो पाणी किती चिकटलंय त्यानुसार सरकतो, म्हणून महत्त्वाचा. पण क्रिस्टल सिलिकॉनचा असेल तर साधारण १५०० च्या खाली सिलिकॉन स्वतःच प्रकाश शोषायला लागतो, संपलं. बरं, १६४० चा पाण्याचा बँड नको म्हणून जड पाणी (ज्यात हायड्रोजनच्या जागी त्याचंच जड रूप, ड्यूटेरियम, असतं) वापरलं तर तो बँड जातो कुठे? १२१० ला. फॉस्फेटच्या बरोब्बर मांडीवर.

दिशा मोजायला ध्रुवीकरण लागतं, म्हणजे प्रकाशाचं विद्युतक्षेत्र एकाच ठराविक दिशेत डोलतं ठेवायचं. सीएच-टूचं ताणणं हे शेपटीच्या आडव्या दिशेने होतं, म्हणजे शेपट्या उभ्या असतील तर ही कंपनं पृष्ठभागाला समांतर. ज्या ध्रुवीकरणात प्रकाशाचं विद्युतक्षेत्र पृष्ठभागाला समांतर असतं त्यात ती जोरात दिसतात. हे जर्मेनियमवर. आता हाच थर सोन्यावर ठेवा आणि वरून तिरका प्रकाश परावर्तित करा. धातूतले इलेक्ट्रॉन समांतर क्षेत्र जवळपास पुसून टाकतात, उरतं फक्त उभं क्षेत्र. मग शेपट्या जेवढ्या उभ्या, तेवढी त्यांची सीएच-टूची कंपनं आडवी, आणि तेवढा सिग्नल कमी. म्हणजे सोन्यावर उत्तम शिस्तीतला थर जवळजवळ गायब होतो आणि विस्कटलेला थर छान दिसतो! एका विद्यार्थ्याने मला असा स्पेक्ट्रम आणून दाखवला, चेहरा पडलेला, म्हणाला मॅडम थर बसलाच नाही बहुतेक. बाकीचे बँड बघितले तर कार्बोनिल होता, शेपटीच्या टोकाचे सीएच-थ्रीचे पीक होते, फक्त सीएच-टू दबलेले. थर बसला होता, आणि तोही सुरेख.

या न दिसण्याचा सगळ्यात डोकेबाज उपयोग केला सम-फ्रिक्वेन्सीवाल्यांनी. यात दोन लेसर एकाच जागी मारतात, एक इन्फ्रारेड आणि एक दृश्य, आणि दोघांची वारंवारिता मिळून तिसरा प्रकाश निघतो. १९८७ मध्ये शेन आणि सहकाऱ्यांनी पृष्ठभागावरच्या रेणूंची कंपनं अशी पकडली. नियम असा की जिथे रचना केंद्राभोवती सममित आहे तिथून हा प्रकाश निघतच नाही. म्हणून मोठ्या खोल पाण्यातून काही येत नाही, फक्त पृष्ठभागावरून येतं. पाण्याची कटकट बऱ्यापैकी मिटली म्हणून आनंद करावा, तर आपलं पटलही नेमकं सममित! वरच्या थरातल्या शेपट्यांची टोकं खाली, खालच्या थरातल्यांची वर, दोघांचे सिग्नल विरुद्ध, बेरीज जवळपास शून्य. पटल समोर आहे आणि अंधार.

कॉनबॉय आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या आसपास हा अंधारच घड्याळ म्हणून वापरला. त्यांनी पटल एकेक थर करून चढवलं, म्हणजे पाण्यावर पसरलेला थर काचेवर उचलून घ्यायचा (ही उचलण्याची युक्ती कॅथरीन ब्लॉजेटची, १९३० च्या दशकातली, लँगम्युअरच्या प्रयोगशाळेत घडवलेली). एका थरात साधं लिपिड, दुसऱ्यात तेच लिपिड पण हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम. रसायन तेच, फक्त कंपनं २१००-२२०० च्या भागात सरकलेली. आता सममिती मोडली, सिग्नल आला. आणि मग तो हळूहळू विझत गेला, कारण लिपिड इकडच्या थरातून तिकडच्या थरात कोलांटी मारत होते आणि दोन्ही थर एकसारखे होत चालले होते. किती वेळात विझतो त्यावरून कोलांटीचा वेग. रेणूला बाहेरची खूण जोडली नाही, रंग लावला नाही, नुसता समस्थानिक बदलला.

निकालावरून मात्र वाद झाला आणि तो मला फार आवडतो. १९७१ मध्ये कॉर्नबर्ग आणि मॅककॉनेल यांनी (हो, तोच मॅककॉनेल, आणि कॉर्नबर्ग म्हणजे ज्याला पुढे २००६ चं रसायनशास्त्राचं नोबेल भलत्याच विषयात मिळालं) डोक्याला एक चुंबकीय खूण लावून मोजलं होतं, त्यात कोलांटी तासांच्या हिशोबात निघाली होती. सम-फ्रिक्वेन्सीने ती वितळणबिंदूजवळ मिनिटांवर आणली. एका बाजूचं म्हणणं की तुमची खूणच अवजड, डोकं जड केलं तर कोलांटी मारेल कोण. दुसऱ्या बाजूचं म्हणणं की तुमच्या काचेवरच्या पटलाला भोकं आहेत, कडा आहेत, रेणू आतून उलटत नाहीत, कडेवरून वळसा घालून पलीकडे जातात. मला विचाराल तर मी दुसऱ्यांच्या बाजूला झुकते. काचेवरचं पटल सलग आहे असं आपण म्हणतो खरं, पण थंड करून गोठवलं की ते आक्रसतं आणि चिरा पडतात, आणि पाच नॅनोमीटरची चीर इन्फ्रारेडला दिसणार नाही. म्हणजे विझलेल्या सिग्नलचे दोन अर्थ, आणि सिग्नल स्वतः काही बोलत नाही.

प्रथिनांचं अजून अवघड. पटलातून आरपार जाणारं प्रथिन खाली थोडं तरी बाहेर आलेलं असतं, आणि खाली जागा किती, एक-दोन नॅनोमीटर. ते पृष्ठभागावर टेकतं आणि अडकतं. लिपिड हिंडतायत आणि प्रथिन ढिम्म. म्हणून मग मधे पॉलिमरची गादी घाला, नाहीतर लांब साखळ्यांनी पटल वर टांगून धरा, हे सगळे उपाय चालतात आणि प्रत्येक उपाय स्पेक्ट्रममध्ये आपले चार बँड घेऊन येतो.

सध्या माझ्या टेबलावर जे आहे ते जंतुनाशक पेप्टाइडचं (पेप्टाइड म्हणजे प्रथिनासारखीच पण आखूड साखळी) काम. पटलावर पेप्टाइड सोडलं की २८५० चा पीक बदलतो, आणि एका ध्रुवीकरणात बघितलं तर तो सरळ कमी होतो. पहिला विचार हाच की पेप्टाइडने लिपिड उखडले, पटल फाडलं, काम फत्ते. पण समांतर ध्रुवीकरणात कमी आणि दुसऱ्यात वाढ असेल तर लिपिड कुठेही गेलेले नाहीत, फक्त शेपट्या कलल्या किंवा विस्कटल्या. दोन्हीत सारख्याच प्रमाणात कमी असेल तर मात्र गेले. आमच्याकडे येतंय ते या दोन्हींच्या मधलं, थोडे गेले थोडे कलले, आणि पेप्टाइडचं प्रमाण बदललं की वाटणी बदलते. म्हणून आता पटल ठेवलेल्या कप्प्यातून बाहेर पडणारं बफर ओतून देत नाही, बाटल्यांमध्ये गोळा करून ठेवतो, त्यात किती लिपिड सापडतंय ते वेगळं मोजायचं आणि स्पेक्ट्रममधून जेवढं गेलं असं वाटतंय त्याच्याशी ताडायचं. बाटल्या फ्रीजमध्ये आहेत, लेबलं लावलेली, मोजायचं काम पुढच्या आठवड्यात.